वाघ एन्डेंजर्ड, मोर लीस्ट कन्सर्न: हा शिक्का लागतो तरी कसा? (स्टेप बाय स्टेप)

दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी नीळकंठ दिसला पाहिजे, हा आमच्या आजीचा नियम. पुस्तकात त्याला नीलपंख म्हणतात, पण आमच्याकडे तो नीळकंठच. लहानपणी उमरेड रोडला गावाबाहेर निघालं की तारेवर एक तरी बसलेला सापडायचा, दोन वर्षांपूर्वी मात्र भाच्याला घेऊन सकाळी सहा ते दहा फिरलो तरी एकही नाही. पोट्ट्यानं मोबाइल काढून बघितलं नं म्हणे, "मामा, इथं तर लीस्ट कन्सर्न लिहून आहे, दिसून तर नाही राहिला मग चिंता नाही काहून?"

प्रश्न बरोबर होता अन् माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. तेव्हापासून हे प्रकरण मुळातून वाचून काढलं. त्यातून समजलेलं सगळं इथे क्रमानं लिहून ठेवतो, म्हणजे कुठल्याही प्राण्याचं, झाडाचं किंवा माशाचं स्टेटस बघितलं की ते आलं कुठून हे स्वतः तपासता येईल, अन् वाटलं तर आपल्या गावच्या एखाद्या जातीचं कच्चं गणित पण मांडता येईल.

आधी हे क्लिअर करा: शिक्का कोणाचा?

निम्मा गोंधळ इथेच होतो. मोबाइलवर दिसला तो शिक्का रेड लिस्टचा, म्हणजे कोणता जीव नामशेष व्हायच्या किती जवळ आहे त्या यादीचा. रेड लिस्ट ही आययूसीएनची, म्हणजे १९४८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची. मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या ग्लांडला, यादी १९६४ पासून चालू. आत्तापर्यंत १ लाख ७० हजारांवर जाती तपासून झाल्यात आणि त्यातल्या ४८ हजारांवर धोक्याच्या कप्प्यांत आहेत. ही यादी कायदा नाही. कायदा म्हणजे आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम, त्याची शेड्यूल, म्हणजे संरक्षणाच्या याद्या, वेगळी. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली तेव्हा ती सहाची चार झाली.

मोर बघा. रेड लिस्टवर लीस्ट कन्सर्न, आणि कायद्यात शेड्यूल एकमध्ये, वाघाच्या पंगतीला. काळवीट पण तसंच. रेड लिस्ट विचारते, हा जीव नामशेष व्हायच्या किती जवळ आहे? कायदा विचारतो, याला हात लावला तर शिक्षा किती? मोर भरपूर आहेत म्हणून मारायला मोकळीक, असं होत नाही राजेहो.

अमेरिका-कॅनडात नेचरसर्व्ह नावाची तिसरीच पद्धत चालते. तिथे जी१ ते जी५ असे जगाचे आणि एस१ ते एस५ असे राज्याचे रँक असतात, १ म्हणजे सगळ्यात वाईट. परदेशी साइटवर तसलं काही दिसलं तर त्याला रेड लिस्ट समजू नका. खाली सगळं आययूसीएनचंच आहे.

कप्पे एकूण नऊ. नामशेष; फक्त बंदिवासात उरलेला; मग क्रिटिकली एन्डेंजर्ड (अगदी काठावर), एन्डेंजर्ड (मोठ्या धोक्यात), व्हल्नरेबल (धोक्यात); त्याखाली निअर थ्रेटन्ड (धोक्याच्या जवळ), लीस्ट कन्सर्न (सध्या फार चिंता नाही); आणि बाजूला दोन, डेटा डेफिशियंट (माहिती अपुरी) आणि अजून तपासलंच नाही असा. 'थ्रेटन्ड' हा शब्द नेमका मधल्या तिघांसाठीच वापरायचा असतो, पेपरवाले सगळ्यांना वापरून राहिलेत ते सोडा.

स्टेप १: नेमकं काय मोजायचं ते ठरवा

जात नक्की पाहिजे. दोन जाती एक समजून मोजल्या की संख्या फुगते, अन् एकीच्या दोन केल्या की दोन्ही दुर्मिळ दिसतात. मग हद्द ठरवायची, अख्खं जग की फक्त देश किंवा राज्य. अन् मोजायचे ते फक्त जंगलातले. गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयातले किंवा महाराजबागेतले पिंजऱ्यातले प्राणी या हिशेबात शून्य.

त्यातही फक्त 'मॅच्युअर', म्हणजे पिल्लं घालू शकणारे. समजा तलावावर सारस २० मोजले, त्यातली ६ यंदाची नि मागच्या वर्षीची पिल्लं असतील तर हिशेबाला १४ च. बातमीतला आकडा आणि रेड लिस्टचा आकडा जुळत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

स्टेप २: नोंदी गोळा करा, आणि त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका

नोंद म्हणजे चार गोष्टी: काय, कुठे, कधी, कोणी. कॅमेरा ट्रॅप, ईबर्ड आणि आयनॅचरलिस्ट या कोणालाही नोंदी टाकता येणाऱ्या साइट, कॉलेजातली वाळवलेल्या झाडांची हर्बेरियम शीटं, जुनी गॅझेटियर, संग्रहालयातले नमुने, सगळं चालतं. म्हातारे मासेमार, गुराखी यांनी सांगितलेलं पण चालतं, फक्त ते तसं म्हणून लिहायचं.

आंधळा विश्वास काहून नाही, तर वनपिंगळ्याची गोष्ट ऐका. हे आपल्या सातपुड्यातलं छोटं घुबड, १८७३ मध्ये शास्त्रात नोंदलं गेलं. मग संग्रहालयात सातच नमुने, त्यातला एक रिचर्ड मायनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९१४ मध्ये गुजरातेत मिळवला असं लेबल. लोक त्या लेबलाच्या भरवशावर शोधत राहिले, काही मिळेना. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या पक्षीतज्ज्ञ बाईंनी नमुने तपासले तर कळलं की हा गडी चोर, दुसऱ्यानं गोळा केलेला जुना नमुना उचलून त्याला नवं लेबल लावलेलं. म्हणजे खरी शेवटची नोंद १८८४ ची. तेवढी एक खोटी चिठ्ठी बाजूला काढली, खऱ्या नोंदींच्या जागा धरून शोधलं, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ घुबड बसलेलं मिळालं. ११३ वर्षांनी! त्यानंतर मेळघाटात पण सापडलं, म्हणजे आपल्या विदर्भातच. एका लेबलानं असं होऊ शकतं, तर तुमच्या आमच्या व्हॉट्सॅप फॉरवर्डच्या 'दुर्मिळ पक्षी दिसला' ला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

याच स्टेपला 'जनरेशन लेंथ' पण काढून ठेवा. म्हणजे आत्ता पिल्लं घालणाऱ्या आईबापांचं सरासरी वय. उंदराचं महिन्यांत, गिधाडाचं कितीतरी वर्षांत. पुढे लागतं.

स्टेप ३: पाच चाळण्या

हा गाभा. २००१ साली छापलेले ३.१ आवृत्तीचे निकष अजून चालतात. पाच चाळण्या आहेत, ए ते ई, आणि जात पाचांतून जमेल तेवढ्यांतून काढायची. एकीत जरी अडकली तरी पुरे, आणि वेगवेगळ्या चाळण्यांत वेगवेगळे कप्पे आले तर सगळ्यात वाईट तो घ्यायचा. सरासरी काढत नाहीत.

ए म्हणजे घट. गेल्या १० वर्षांत किंवा ३ पिढ्यांत, जे जास्त असेल त्या काळात, किती टक्के कमी झाले? ३० टक्के असेल तर व्हल्नरेबल, ५० ला एन्डेंजर्ड, ८० ला क्रिटिकल. घटीचं कारण समजलंय, उलटवता येतं आणि थांबलंय असं असेल तर सूट मिळते, मग आकडे ५०, ७०, ९०. लक्षात घ्या, इथे आज किती उरले हा प्रश्नच नाही. हजारो असले तरी वेगानं पडत असतील तर अडकतात. पांढऱ्या पाठीचं गिधाड हे त्याचं उदाहरण. एकेकाळी खेड्यात मेलेल्या ढोरावर यांचा गोतावळा बसायचा, १९९० च्या दशकापासून ९९ टक्क्यांहून जास्त संपले. जनावरांना द्यायचं डायक्लोफेनॅक हे दुखण्याचं औषध कारण निघालं, ते २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये जनावरांसाठी बंद झालं. २००० पासून ते क्रिटिकल आहे.

बी म्हणजे नकाशा. यात दोन मापं. पहिलं, सगळ्या ठिकाणांना बाहेरून दोरी गुंडाळली तर आत किती क्षेत्र येतं: २०,००० चौरस किमीच्या आत व्हल्नरेबल, ५,००० च्या आत एन्डेंजर्ड, १०० च्या आत क्रिटिकल. आकडे डोक्यात बसत नसतील तर आपला नागपूर जिल्हा साधारण ९,९०० चौरस किमी आहे. म्हणजे दोन नागपूर जिल्हे, अर्धा नागपूर जिल्हा, आणि नागपूर शहराच्या अर्ध्याहून पण कमी. दुसरं माप, नकाशावर २ बाय २ किमीच्या चौकटी पाडायच्या, जीव असलेल्या चौकटी मोजायच्या आणि ४ नं गुणायचं: २,००० च्या आत, ५०० च्या आत, १० च्या आत.

पण नुसतं क्षेत्र लहान असून बीमध्ये बसत नाही, अन् बहुतेक लोक चुकतात ते इथेच. जोडीला तीनपैकी दोन गोष्टी पाहिजेत: ठिकाणं मोजकी किंवा तुकडे तुकडे झालेली, घट चालूच, किंवा संख्या जबरदस्त वरखाली होणारी. एकाच डोंगरावर वाढणारं पण सुखात असलेलं झाड बीमध्ये अडकत नाही.

सी म्हणजे संख्या कमी आणि वरून घट. मॅच्युअर १०,०००, २,५०० आणि २५० हे उंबरठे. गडचिरोलीच्या कोलामार्कात ज्या रानम्हशी आहेत त्या एन्डेंजर्ड, कारण जगभरात मॅच्युअर २,५०० च्या आत आणि घट चालू असा अंदाज आहे.

डी म्हणजे संख्या इतकी कमी की घट असो नसो, घंटा वाजलीच: १,०००, २५०, ५०.

ई म्हणजे कॉम्प्युटरवर मॉडेल चालवून नामशेष होण्याची शक्यता काढायची. डेटा भरपूर लागतो, म्हणून फारच थोड्यांना लावतात. सोडा.

एक प्रश्न मला दर वेळी विचारतात, म्हणून इथेच सांगतो. नागपूर टायगर कॅपिटल, ताडोबा-पेंचला वाघ, २०२२ च्या गणनेत देशात सरासरी अंदाज ३,६८२, दर वेळी वाढतेच, मग एन्डेंजर्ड कसा? कारण शिक्का जगाचा आहे. कंबोडिया, लाओस, व्हिएतनाममध्ये पिल्लं घालणारे वाघ उरले नाहीत, आणि हिशेब तीन पिढ्या मागे बघून होतो. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर जिप्सींची रांग लागते म्हणून लाओसचं नुकसान भरून निघत नाही.

स्टेप ४: एक गणित हातानं करून बघू

हे काल्पनिक आहे, सवयीसाठी. समजा एक छोटा मासा आहे, फक्त मामा तलावांत मिळतो. बाहेरच्यांसाठी: मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, भंडारा-गोंदियाकडे खूप. आपला मासा ९ तलावांत मिळाला. टोकाची तीन ठिकाणं रामटेकजवळ, उमरेडजवळ आणि नागझिऱ्याजवळ, बाकी सगळे मध्ये.

दोरी गुंडाळा. रामटेक ते उमरेड सरळ रेषेत साधारण ६० किमी, आणि त्या रेषेपासून नागझिरा ६५-७० किमी पूर्वेला. त्रिकोण झाला साधारण २,००० चौरस किमीचा. ५,००० च्या आत, म्हणजे एन्डेंजर्डचा उंबरठा ओलांडला. चौकटी पाडा: दोन तलाव एकाच चौकटीत आले, म्हणून ८ चौकटी, गुणिले ४, म्हणजे ३२. ५०० च्या आत, इथे पण एन्डेंजर्ड. (जियोकॅट नावाचं फुकट ऑनलाइन टूल आहे, त्यात बिंदू टाकले की दोन्ही मापं निघतात. पण एकदा हातानं करा, डोक्यात बसते.)

घट चालू आहे? गाळ भरला, बेशरमच्या झुडपांनी काठ खाल्ला, दोन तलावांत मासेमारी करणारे ढिवर लोक म्हणतात की मासा आधीपेक्षा कमी मिळतो. अधिवासाची घट, हो.

आता ठिकाणं किती? नऊ तलाव म्हणजे नऊ ठिकाणं असं वाटते. नाही! रेड लिस्टमध्ये 'लोकेशन' म्हणजे असा भाग जिथे एकाच संकटानं तिथले सगळे जीव झटक्यात जाऊ शकतात. म्हणजे आधी संकट ठरवायचं, मग मोजायचं. संकट जर तलाव बुजवून प्लॉट पाडणं असेल तर ते एकेका तलावावर येतं, लोकेशन ९. व्हल्नरेबलला १० पर्यंत चालतात, एन्डेंजर्डला ५ पर्यंतच, म्हणून निकाल व्हल्नरेबल. पण संकट जर बंदी असलेला आफ्रिकन मांगूर मासा असेल, कोणीतरी एका तलावात सोडला आणि पुरात नाल्यानं त्याच नाल्यावरच्या सगळ्या तलावांत पसरला, आणि हे नऊ तलाव मिळून चारच नाल्यांवर असतील, तर लोकेशन ४, निकाल एन्डेंजर्ड. तेच तलाव, तोच मासा, तोच नकाशा.

मग कोणतं धरायचं? खरोखर होऊ शकणारं सगळ्यात गंभीर संकट. 'होऊ शकणारं' वर जोर द्या. मांगूर आसपास कुठे सापडल्याचा पुरावा पाहिजे, उगाच कल्पना करून कप्पा चढवायचा नाही. मला विचाराल तर अख्ख्या प्रक्रियेतली खरी अक्कल इथे लागते, बाकी बेरीज-गुणाकार कोणीही करेल.

मांगूर धरला तर शिक्क्याच्या बाजूला कोड येईल: बी१एबी(३)+२एबी(३). मूळ यादीत कंसात रोमन आकडा असतो. वाचायचं असं: बी चाळणी, १ म्हणजे दोरीचं माप, लहान ए म्हणजे लोकेशन मोजकी, लहान बी म्हणजे घट चालू, ३ म्हणजे घट अधिवासात, मग २ म्हणजे चौकटींचं माप, पुन्हा तेच. हा कोड वाचायला शिकलात की कोणत्याही जातीच्या पानावर जाऊन तिचं दुखणं एका ओळीत कळतं.

स्टेप ५: माहितीच नसेल तर?

नियम सांगतो, सावध राहा पण वास्तवात राहा. आकडा नक्की नसेल तर रेंज द्या, दोन्ही टोकांना कोणता कप्पा येतो ते बघा, मग कारण लिहून एक निवडा. रेंज क्रिटिकलपासून लीस्ट कन्सर्नपर्यंत पसरत असेल तेव्हाच डेटा डेफिशियंट. तो कप्पा म्हणजे सुखरूप नव्हे, 'कोणीतरी जाऊन बघा रे' असा निरोप आहे.

स्टेप ६: तपासणी, छपाई, आणि नंतरचे बदल

एकटा माणूस शिक्का मारत नाही. असेसर, म्हणजे मूल्यांकन करणारा, लिहितो, न लिहिलेला दुसरा तज्ज्ञ रिव्ह्यू करतो, मग रेड लिस्टचं ऑफिस निकष बरोबर लावले का ते बघून छापतं. पक्ष्यांचं काम बर्डलाइफ इंटरनॅशनल ही संस्था बघते. दहा वर्षांवर गेलेलं मूल्यांकन जुनं धरलं जातं, म्हणून पानावरची तारीख आधी बघत जा.

वर चढवायचं असेल तर लगेच. खाली उतरवायचं असेल तर वरच्या कप्प्याचे निकष निदान पाच वर्षं लागू नसले पाहिजेत. अपवाद असा की आधीचा शिक्का चुकीच्या किंवा अपुऱ्या माहितीवर असेल तर थांबत नाहीत. वनपिंगळा २०१८ मध्ये क्रिटिकलवरून एन्डेंजर्डला आला तो असाच. पक्षी वाढले म्हणून नव्हे, जास्त ठिकाणी सापडले म्हणून, अंदाज २५० ते ९९९ मॅच्युअर झाला. बातमी मात्र 'संवर्धनाला यश' अशी फिरली. स्टेटस बदललं की पहिला प्रश्न हाच विचारा, जीव बदलला की आपलं ज्ञान?

स्टेप ७: राज्यापुरतं काढायचं असेल तर

तेच निकष राज्याच्या हद्दीत लावायचे, पण शेवटी एक जास्तीची पायरी. सारस जगात व्हल्नरेबल. आपल्याकडे गोंदिया-भंडारा मिळून पन्नासच्या आत. नुसती डी चाळणी लावली तर महाराष्ट्रापुरता सरळ क्रिटिकल. पण नदीपलीकडे बालाघाटला पण सारस आहेत आणि पक्ष्याला राज्याची सीमा कोण सांगणार? बाहेरून येऊन इथे घरटी करणारे असतील तर कप्पा एक पायरी खाली आणता येतो, आणि पलीकडचे पण कमीच होत असतील तर आणायचा नाही. मी आणणार नाही. धानाच्या बांधीत घरटं, वर विजेच्या तारा, खाली कीटकनाशक, हे दोन्ही काठांवर सारखंच आहे.

राज्यातून किंवा देशातून गेला पण जगात आहे, त्याला 'रीजनली एक्स्टिंक्ट' म्हणतात. १९५२ नंतर भारतात चित्त्याचं तेच होतं, २०२२ मध्ये कुनोत आणेपर्यंत.

आता नीळकंठाचं

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल निघाला. हौशी लोकांच्या ईबर्ड नोंदींवरून ९४२ जाती बघितल्या, आणि १४ जातींचं रेड लिस्ट स्टेटस पुन्हा तपासा असं सांगितलं, त्यांत आपला नीळकंठ आहे. घट ३० टक्क्यांच्या वर. मग लगेच व्हल्नरेबल का नाही, तर स्टेप ३ आठवा. अहवालातली लांब पल्ल्याची घट २००० च्या आधीच्या काळाशी तुलना करून काढलेली आहे, आणि ए चाळणीला १० वर्षं किंवा ३ पिढ्यांची खिडकी लागते. त्या खिडकीत, भारताबाहेरचे पण धरून, किती पडला हे मोजूनच शिक्का बदलतो. भाच्याला हे समजावायला अर्धी प्लेट तर्री पोहे लागले, उरलेल्या अर्ध्यात त्यानं विचारलं की मग आपण काय करायचं.

तर हे करायचं. दसऱ्याला फिराल तेव्हा ईबर्डवर पूर्ण यादी भरा: किती वाजता निघालो, किती वेळ, किती किलोमीटर, आणि ओळखता आलेले सगळे पक्षी, कावळा-साळुंकीसकट. नीळकंठ नाही दिसला तर यादीत तो नसतो, आणि यादी 'पूर्ण' म्हणून टिक केलेली असली की ते नसणं पण मोजलं जातं. फक्त फोटो टाकून 'आज दर्शन झालं' लिहिलं तर हिशेबाला काही लागत नाही. आमची दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ, चार तास, उमरेड रोड, शून्य नीळकंठ, मी मागच्या महिन्यात जुनी डायरी काढून भरली. तारीख होती म्हणून भरता आली.